बिनबुडाची फुलदाणी

चौकशीचा अहवाल नगराध्यक्षांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवला. आमच्या नगरपालिकेत कागद शिपायाने न्यायचे असतात, आणि गेली एकवीस वर्षं शिपाई मी आहे. नेताना कागद वाचायचे नसतात असा नियम आहे. ज्याने हा नियम केला त्याला एकदा हातात फाइल देऊन तीन मजले चढायला लावा, मग बघू तो वाचतो की नाही. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘सदर फायरमनने साधनांची खात्री न करता इमारतीत प्रवेश केला.’

सदर फायरमन म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते.

मी जिन्यातच बसले. रडू आलं नाही, नुसतं डोकं बधिर झालं. ज्या माणसाने ‘एकदा जोडून बघू द्या’ म्हणून तीन-तीनदा डोकं खाल्लं, त्याच्याच नावावर हे खापर. आणि परदेशचे पाहुणे येऊन गेले की अहवालावर सही होणार, मग त्याची एक प्रत घरी जाणार, वहिनीच्या हातात. माझ्या भावाची बायको तो लखोटा उघडून वाचणार की नवरा आपल्याच हलगर्जीपणाने गेला.

ते वाक्य खोटं आहे हे दाखवणारा कागद अख्ख्या गावात एकच होता, आणि तो माझ्या पिशवीत होता. मी तो सात आठवडे बाहेर काढला नव्हता. का, ते सांगायचं तर तीन वर्षं मागे जावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावाचं आणि समुद्रापलीकडच्या एका गावाचं नातं जुळलं. दोन्हीकडच्या नगराध्यक्षांनी सह्या केल्या आणि दोन्ही गावं भगिनी शहरं झाली. आमच्यातलं एक माणूस तिकडे गेलेलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून जो तो ‘आमच्या बहिणीकडे हवा कशी असते’ हे सांगायला लागला. माझा भाऊ म्हणाला, “ताई, गाव जर आपली आई, तर तिची बहीण आपली मावशी. मावशी खाऊ काय पाठवते ते बघ.” तेव्हापासून आमच्या घरात त्या गावाचं नाव मावशी.

भाऊ ताडमाड उंच होता. फायर स्टेशनात त्याला सगळे शिडी म्हणायचे. दारातून आत येताना डोकं वाकवायचा आणि तरी महिन्यातून एकदा आपटायचाच. आईबाप गेल्यावर मीच त्याला वाढवला, त्यामुळे मला त्याच्यावर ओरडायची सवय होती आणि त्याला ते ऐकून घ्यायची.

पहिलं वर्ष नुसतं पत्रांचं गेलं. मावशीची पत्रं तिच्या भाषेत यायची आणि ती भाषा येणारं गावात एकच माणूस, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. बाई मंगळवारी यायच्या, चष्मा पुसायच्या, पत्राचा अर्थ लिहून द्यायच्या आणि चहा पिऊन जायच्या. पण बाईंच्या टेबलावर काय जायचं ते आमचे हेडक्लार्क ठरवायचे. ज्या कागदावर सही आणि शिक्का, तो आवक. त्यालाच नंबर पडणार, तोच बाईंकडे जाणार. ज्यावर सही नाही तो कागदच नाही, असं ते म्हणायचे आणि वर माझ्याकडे बघून मान हलवायचे, जणू मीच बिनसहीचे कागद आणत होते.

भेटवस्तूंचीही अशीच एक पद्धत होती. भेट ज्याच्या नावाने येईल त्यानेच उघडायची. नगराध्यक्षांच्या नावाने आलेली वस्तू सभागृहातल्या काचेच्या कपाटात जायची, तिला नंबर पडायचा, आणि नंबर पडलेली वस्तू बाहेर काढायची तर ठराव लागायचा. कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे. फक्त शुक्रवारी सकाळी ती तासभर माझ्याकडे यायची, पुसपास करायला.

दुसऱ्या वर्षी मावशीने खाऊ पाठवला, आणि तो असा की अख्खं गाव आ वासून बघत राहिलं. आगीचा बंब. त्यांच्याकडे नवे आले म्हणून त्यातला एक चांगला चालता बंब त्यांनी आम्हाला दिला. लालभडक, पितळी घंटा, आरशासारखे दिवे. आमचा जुना बंब त्याच्याशेजारी उभा केला तर जुन्याची कीव यायची.

बंब आला त्या दिवशी बँड लावला होता. फायरमन सगळे गणवेश घालून बाहेर उन्हात बंबाजवळ उभे, आणि आत सभागृहात चहापान. फायरमनना आत बोलावलं नव्हतं. सभागृहात नवा गालिचा घातला होता आणि त्यावर बूट चालत नव्हते. मी चहाचा ट्रे घेऊन आत होते. तेवढ्यात रेल्वे स्टेशनवरून एक लाकडी पेटी आली, बंबाबरोबरच निघालेली पण वेगळी बांधलेली, वर नगराध्यक्षांचं नाव. नगराध्यक्षांनी ती सगळ्यांसमोर उघडली.

आत भुसा, आणि भुशात एक पितळेची वस्तू. वीतभर उंच, चांगली जड, आतून पोकळ. दोन्ही तोंडं उघडी, एक मोठं आणि एक लहान. आतल्या कडेने गोल गोल फिरत गेलेली नक्षी. मोठ्या तोंडावर त्यांच्या गावाचं नाव कोरलेलं, लहान तोंडावर आपल्या गावाचं. नगराध्यक्षांनी ती दोन्ही हातांनी वर धरली आणि म्हणाले, “दोन गावं, एक धातू.” टाळ्या पडल्या. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणीही आलं. हेडक्लार्कनी लगेच चिठ्ठी लिहिली, ‘मैत्रीचं प्रतीक, क्रमांक अकरा’, आणि वस्तू कपाटात गेली.

पेटीच्या तळाशी एक जाड कागद होता. हेडक्लार्कनी उलटसुलट केला, सही नाही, शिक्का नाही, म्हणून टोपलीत टाकला. मी तो उचलला. उघडूनही पाहिला, हे मला लपवायचं नाही. रेघा होत्या, बाण होते, वर्तुळं होती, शिवणयंत्राबरोबर येतो तसला कागद. मला वाटलं, पेटी कशी खोलायची ते असेल. पेटी तर खोलून झाली होती. पितळेने कपाटाच्या काचेवर चरे पडतील म्हणून मी त्याची चार पदरी घडी केली आणि क्रमांक अकराच्या खाली घातली. कागद चांगला जाड होता. आपल्याला वेळेवर सुचलं म्हणून मला बरंही वाटलं.

संध्याकाळी घरी भाऊ पाय चोळत बसला होता. दिवसभर उन्हात उभं करून ठेवलं होतं त्यांना. “आत काय झालं?” म्हणाला.

“तुझ्या मावशीने फुलदाणी पाठवलीय,” मी म्हणाले, “बिनबुडाची.”

“मग फुलं राहणार कशी?”

“ते मावशीला विचार.”

“बूड पुढच्या पत्रातून येईल,” तो म्हणाला, आणि वहिनीला हसताहसता ठसका लागला. मग घरात कुठलीही निरुपयोगी वस्तू दिसली की ती बिनबुडाची फुलदाणी झाली. गळकी छत्री, बंद घड्याळ, माझा दूरचा एक आतेभाऊ.

आता मी रात्रंदिवस तेच बोलणं आठवते. दोन तोंडं आहेत, एक लहान एक मोठं, आणि आतून नक्षी फिरलीय, एवढं जरी बोलले असते तरी तो ताडकन उठला असता. त्याला नळा-पाइपांच्या आट्यांचं कळायचं, मला नाही. मी फुलदाणी म्हणून मोकळी झाले.

त्यानंतर दीड वर्ष मी दर शुक्रवारी ती वस्तू घासली. पितळ पॉलिश फडक्यावर घ्यायचं, आधी बाहेरून, मग बोट घालून त्या नक्षीतून. नक्षीत काळं साचायचं, ते काढायला मी काडीला चिंधी गुंडाळायची. सगळ्या कपाटात चकाकायची ती एकच. कुणी पाहुणा आला की नगराध्यक्ष आधी तिच्याकडे न्यायचे, आणि मला मेलीला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

बंबाचीही तीच गत. फायर स्टेशनच्या केंद्रप्रमुखांनी त्याला लाडोबा करून ठेवला. मिरवणुकीला बंब, उद्घाटनाला बंब, शाळेच्या मुलांना रपेट मारायला बंब. आग लागली की मात्र जुना जायचा, खोकत खोकत. भाऊ घरी येऊन चिडायचा.

“ताई, तो नवा अजून एकदाही रस्त्याच्या नळाला जोडून पाहिलेला नाही. टाकी वरून बागेच्या पाइपाने भरतात. अगं, टाकीतलं पाणी चार मिनिटं पुरतं. पुढचं पाणी रस्त्यातल्या नळातूनच घ्यायचं असतं.”

“मग सांग ना त्यांना.”

“सांगितलं. म्हणतात, पाना लावला की तोंडावरचा रंग उडेल. तिसऱ्या वर्षदिनाला मावशीकडचे लोक येणार आहेत, तेव्हा नवाकोरा दिसला पाहिजे.”

असं त्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा केंद्रप्रमुख म्हणाले, “शिडी, तू बंब चालव, नगरपालिका चालवू नकोस.” सगळे हसले म्हणे. मीसुद्धा त्याला म्हणाले, जाऊ दे, कशाला वाकड्यात शिरतोस.

पाहुणे यायला दोन महिने होते. स्टेशनात बंब ठेवायला जागा एकच धड, आणि तिथे रंगरंगोटी काढली होती. म्हणून जुना बंब भंगारात धाडला. आठ दिवसांनी, शुक्रवारी, भर दुपारी बाराला, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आग लागली. सरस उकळत ठेवला होता, तो सांडला.

मी सभागृहाच्या खिडकीतून धूर पाहिला. नुकतंच कपाट पुसून किल्ली परत केली होती, हाताला पॉलिशचा वास होता. बांधणीचा कारखाना आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. बंबाची घंटा ऐकली आणि पाय आपोआप निघाले. भाऊ कामावर असला की मी प्रत्येक वेळी जायचे, लांबून बघायचे आणि परत यायचे. त्याला आवडायचं नाही, पण मी कुणाचं ऐकते.

वर तीन बायका अडकल्या होत्या. दोघींना भावाने जिन्यावरून खाली काढलं होतं. तिसरी म्हातारी, गुडघ्याने अधू. तो पाइपाचं तोंड धरून वरच्या मजल्यावर उभा राहून जिना ओला ठेवत होता, आणि त्याचा जोडीदार म्हातारीला खिडकीतून दोरीने खाली सोडत होता. मी पोचले तेव्हा म्हातारी जमिनीला टेकली, मागोमाग जोडीदार उतरला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि नेमकं तेव्हाच पाइप चपटा पडला. टाकी संपली.

खाली नळाशी केंद्रप्रमुख आणि ड्रायव्हर गुडघ्यांवर बसले होते. बंबाच्या पाइपाचं तोंड नळाच्या तोंडाला लावत होते, फिरवत होते, आणि ते बसत नव्हतं. मोठं पडत होतं. चक्क दोन बोटं मोठं. त्यांच्या देशातले आटे वेगळे, आपले वेगळे. दीड वर्षात हे कुणाला कळलं नव्हतं, कारण कुणी लावूनच पाहिलं नव्हतं. केंद्रप्रमुखांचा चेहरा पांढराफटक. ते तेच तेच करत होते, लाव आणि काढ, लाव आणि काढ.

वरून भावाचा आवाज आला. “पाणी.”

खिडकीकडे यायला त्याला मधली खोली ओलांडावी लागणार होती आणि ती पेटली होती. जिना पेटला होता. पाणी आलं की तो त्याच पाण्याने वाट करत खाली येणार होता, त्यांचं काम असंच असतं. तो पाण्याची वाट बघत होता.

ड्रायव्हरला रडू फुटलं. “मध्ये एक तुकडा पाहिजे हो,” तो कुणाला सांगत होता देव जाणे. “एकीकडे त्यांचे आटे, एकीकडे आपले. एवढासा तुकडा.” आणि त्याने हातांनी दाखवलं. वीतभर. एक तोंड मोठं, एक तोंड लहान.

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. त्या हातांमध्ये काहीच नव्हतं आणि मला ते पितळ स्पष्ट दिसलं, आतल्या नक्षीसकट. नक्षी नव्हतीच ती.

कशी पळाले ते मला सांगता येणार नाही. चप्पल गेली कुठेतरी. हेडक्लार्क जेवणाचा डबा उघडत होते. मी म्हणाले, किल्ली. ते म्हणाले, किल्ली आत्ताच दिलीत की परत. मी म्हणाले, क्रमांक अकरा पाहिजे, माझा भाऊ आत आहे. ते म्हणाले, “अहो बाई, ठरावाशिवाय मी कसा देऊ?” एकवीस वर्षांत मी त्या माणसाला उलटून बोलले नव्हते, आणि तेव्हाही बोलले नाही. खुर्ची उचलली आणि कपाटावर घातली. काच सगळीकडे झाली. हात घालून ओढलं तर पितळ आलं, आणि खालचा कागदही त्याच मुठीत आला.

ड्रायव्हरने तो तुकडा माझ्या हातातून घेतला, नळाला लावला. दीड फेरीत बसला. दुसऱ्या तोंडात पाइप बसला, दीड फेरीत. त्याच कामासाठी केलेला होता तो. चकचकीत, नक्षीत कणभर घाण नाही.

पाणी सुटलं. पाइप टम्म फुगत दारातून आत गेला, जिन्यावरून वर चढला. आम्ही सगळे वर बघत होतो. मग वरच्या खिडक्यांतून पाणी आलं, आधी या खिडकीतून, मग त्या खिडकीतून, मग छताकडे, पुन्हा या खिडकीतून. वेडंवाकडं. ड्रायव्हर खाली बसला. मला कळेना तो का बसला, पाणी तर गेलं होतं. मी त्याला हलवून विचारलं. तो म्हणाला, “ताई, पाइप कुणी धरलेला नाहीये.”

पुढचं मी सांगत नाही.

दवाखान्याच्या बाकावर बसले होते तेव्हा मूठ उघडली. काचेने हात कापला होता, कागदाला रक्त लागलं होतं. चार पदरी घडी उलगडली. पहिल्या चित्रात रस्त्याचा नळ. दुसऱ्यात तो तुकडा, बाण काढलेला. तिसऱ्यात पाइप. चौथ्यात तिन्ही जोडलेले आणि वरून पाणी. एक अक्षर वाचता आलं नसतं तरी चार वर्षांच्या पोराला कळलं असतं. आणि चौथ्या चित्राच्या मधोमध पितळेच्या कडेचा गोल हिरवट डाग, दीड वर्षाचा.

मी तो कागद पिशवीत घातला. वहिनी समोर बसली होती, भिंतीकडे बघत. तिला कसं सांगणार होते की याचं उत्तर माझ्या हातात होतं आणि मी त्याचं बूड केलं. तिने मला विचारलं, “ताई, तो तुकडा तुम्हाला कसा आठवला?” मी म्हणाले, माहीत नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघी एका घरात, एकमेकींना चहा करून देत होतो, आणि मला तिच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

म्हणून सात आठवडे. आणि मग ते वाक्य.

अहवाल टेबलावर ठेवून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मावशीकडचे पाहुणे आले. वर्षदिन साधेपणाने करायचा ठरला होता, बँड नाही. चौघं होती. त्यांच्यातला एक त्यांच्या फायर स्टेशनचा फोरमन, साठीचा, जाडजाड बोटांचा, सभागृहाच्या दाराशी येऊन त्याने गालिचा पाहिला आणि बूट काढले. या वेळी फायरमननाही आत बसवलं होतं. वहिनी पहिल्या रांगेत, तिला मुद्दाम बोलावलं होतं. कपाटाला नवी काच होती. क्रमांक अकराची जागा मोकळी होती, तुकडा हेडक्लार्कच्या खणात होता. मी ट्रे घेऊन दाराशी.

नगराध्यक्ष दुखवट्याचं बोलले. चांगलं बोलले, त्यांना येतं ते. मग फोरमनने हात वर केला आणि काहीतरी विचारलं. बाईंनी चष्मा पुसला आणि सांगितलं, “ते विचारतायत, आपले नळ वेगळे असतात हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एक जोड स्वतः ओतून घेतला होता आणि वेगळा पाठवला होता. बरोबर चित्रंही. तो पोचला नाही का?”

नगराध्यक्षांनी हेडक्लार्ककडे पाहिलं, हेडक्लार्कनी केंद्रप्रमुखांकडे, केंद्रप्रमुखांनी आपल्या टोपीकडे. मग नगराध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, “दुर्दैवाने वाटेत कुठेतरी गहाळ झाला असावा.”

मी हबकले. खोटं बोलतात हे मला माहीत होतं, एकवीस वर्षं चहा देत होते मी त्यांना. पण जी वस्तू दीड वर्ष माणसांना बोलावून बोलावून दाखवली, जिला दोन्ही हातांनी वर धरून ‘दोन गावं, एक धातू’ म्हणाले, ती गहाळ. तिच्या मोकळ्या जागेपुढे उभं राहून. फोरमन खाली बघत मान हलवत होता. त्याला वाटलं, त्याचाच दोष. वेगळा नको होता बांधायला.

मी ट्रे खाली ठेवला. जमिनीवरच ठेवला, टेबल लांब होतं.

“पोचला होता,” मी म्हणाले. “बंबाच्याच दिवशी पोचला. या कपाटात होता. दर शुक्रवारी मी घासत होते.”

“तुम्ही बाहेर जा,” हेडक्लार्क म्हणाले.

“जाते. बाई, त्यांना सांगा.” आणि मी पिशवीतून कागद काढून फोरमनच्या हातात दिला. “चित्रंही पोचली. सही नव्हती म्हणून टोपलीत टाकली. मी उचलली आणि घडी करून त्याच्या खाली घातली. मीच घातली.”

हे शेवटचं मी फोरमनला सांगत नव्हते. वहिनीकडे बघून सांगत होते, आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघत होते. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

फोरमनने कागद उलगडला. चित्रं त्याच्याच हातची होती, एका कोपऱ्यावर बोट ठेवून त्याने ते बाईंना सांगितलं. मग त्या गोल डागावरून अंगठा फिरवला. कडेच्या रक्तावरून फिरवला. त्याने काही विचारलं, बाई म्हणाल्या, बहीण. तो माझ्याकडे बघत राहिला, मग खाली बसला, बूट नसलेले पाय जवळ घेऊन.

मागून खुर्ची सरकली. ड्रायव्हर उठला होता. “शिडीने तीनदा विचारलं होतं, जोडून बघू द्या म्हणून,” तो म्हणाला. “तीनदा. आम्ही हसलो होतो.” मग जोडीदार उठला. मग एकेक करत सगळेच उठले, एकटे केंद्रप्रमुख बसून राहिले.

अहवालातलं ते वाक्य काढलं. त्याच्या जागी जे लिहिलं त्यात हेडक्लार्क आहेत, केंद्रप्रमुख आहेत, नगराध्यक्ष नाहीत आणि मी आहे. मी आहे ते बरोबर आहे.

वहिनी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाली, “मला तो बघायचाय.” आम्ही स्टेशनात गेलो. तुकडा आता बंबावर असतो, साखळीने बांधलेला, नळाच्या पान्याशेजारी. ठरावबिराव काही झाला नाही, ड्रायव्हरने हेडक्लार्कच्या खणातून उचलला आणि आणला. वहिनीने तो दोन्ही हातांत धरला. “जड आहे,” म्हणाली. मग आतून बोट फिरवलं, माझ्यासारखंच, आट्यांमधून. बराच वेळ फिरवत होती. शेवटी म्हणाली, “त्यांनी एकदा पाहिला असता ना, तरी कळलं असतं त्यांना.” मी हो म्हणाले. येताना तिने माझा हात धरला नाही, पण माझ्याबरोबरीने चालली.

शुक्रवारी अजून कपाटाची किल्ली माझ्याकडे येते. बाकीच्या वस्तू मी पुसते. परवा नवे केंद्रप्रमुख म्हणाले, “ताई, तुमच्या हाताला सवय आहे, बंबावरचा तो जोडही जरा चकचकीत करून द्या. पार काळा पडलाय.”

मी म्हणाले, आटे मी दर आठवड्याला तेल घालून साफ करते, ते तुम्ही बोट घालून बघा. वरून हात लावणार नाही. काळाच राहू दे तो. पुन्हा कुणाला सुंदर दिसायला नको.